प्रमाणित चाचणी आणि शाळेचे उत्तरदायित्व : वाशी तालुक्याच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

परीक्षा आणि कसोटी हे दोन शब्द आपण व्यवहारात समानार्थी म्हणून वापरतो. परंतु त्यांच्या पोटातील कल्पना भिन्न आहेत. 'परीक्षा' हा शब्द 'परि' हा उपसर्ग आणि 'ईक्ष्' हा धातू यांपासून सिद्ध झाला असून एखाद्या वस्तूकडे सर्व बाजूंनी पाहणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. 'कसोटी' हा शब्द संस्कृत 'कषपट्टिका' पासून आला. तो सोनाराच्या काळ्या दगडाचा वाचक आहे. दगडावर सोने घासले असता त्याचा कस कळतो. त्याचे वजन किती, हे मात्र त्यावरून कळत नाही. 'जबाबदारी' या शब्दाची घटनाही अशीच बोधप्रद आहे. मूळ अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' मिळून 'जबाबदार' झाला. ज्याच्याकडे उत्तर मागावयाचे तो जबाबदार. संस्कृतोद्भव 'उत्तरदायित्व' या शब्दातही हीच कल्पना आहे. उत्तर म्हटले की प्रश्न आला, आणि प्रश्न आला की तो कोणी कोणास विचारला, हेही पाहणे क्रमप्राप्त ठरते.

सार्वजनिक शिक्षणात गेली काही वर्षे कसोटी आणि उत्तरदायित्व या दोन कल्पनांचा सांधा जोडला जात आहे. सर्व मुलांना एकाच स्वरूपाची चाचणी द्यावी, तिच्या गुणांवरून शाळेची, तालुक्याची व जिल्ह्याची प्रत ठरवावी, आणि प्रत कमी आढळल्यास शाळेस जाब विचारावा, असा हा विचार आहे. त्यामागील हेतू निंद्य नाही. तिसरी-चौथीपर्यंत शाळेत येऊनही मुलाला परिच्छेद वाचता येत नसेल, तर कोणीतरी उत्तर दिले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो चाचणीचा आकडा हे त्या प्रश्नाचे उत्तर मानता येईल काय, एवढाच. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यासारख्या प्रदेशाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. 'निकालावर अनुदान' : एक जुना प्रयोग

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने जी सुधारित शिक्षणसंहिता अमलात आली, तिने शाळेचे सरकारी अनुदान मुलांच्या उपस्थितीशी आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांतील परीक्षेशी जखडून टाकले. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे परीक्षेपोटी आठ शिलिंग मिळत. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ठरलेले क्रमिक पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतले जाऊ लागले. इतिहास, भूगोल इत्यादी ज्या विषयांना पैसा नव्हता ते मागे पडले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीस सातत्याने विरोध केला. १८९० नंतर ती क्रमाक्रमाने मोडीत निघाली.

मुंबई इलाख्यातही १८६० नंतरच्या दशकात खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली आणि पुढे अनेक वर्षे टिकली. वाशी आणि सभोवारचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून या प्रयोगाची प्रत्यक्ष झळ येथे लागली नाही. येथील शिक्षणाची अडचण निराळी होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणाची वाट परभाषेतून चालावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. मुलाची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर हा या प्रदेशाचा जुना प्रश्न आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आकडा हेच बक्षीस किंवा शिक्षा ठरली म्हणजे आकडाच बिघडतो, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७६ साली स्पष्ट शब्दांत मांडला. अमेरिकेत २००२ पासून अमलात आलेल्या कायद्याने चाचणीच्या गुणांवर शाळांचे भवितव्य टांगले. पुढे अटलांटा शहरात शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतील चुका खोडून दुरुस्त केल्याचे उघडकीस आले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ जणांचा उल्लेख आहे. आपल्याकडे फार दूर जाण्याचे कारण नाही. पटसंख्येवर शिक्षकांची पदे आणि अनुदान अवलंबून होते, तेव्हा पटच फुगला. ऑक्टोबर २०११ मध्ये मुलांच्या बोटाला शाई लावून राज्यभर पटपडताळणी करावी लागली आणि लाखो मुले केवळ कागदावर असल्याचे दिसून आले. शिक्षक हा वर्ग मुळात अप्रामाणिक आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ज्या मापावर पोट अवलंबून असते ते माप माणूस स्वतःच्या हातात घेऊ पाहतो, एवढाच त्याचा अर्थ.

३. आजची व्यवस्था

आज आपल्या शाळांत चाचण्यांचे निदान तीन प्रकार चालू आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिला प्रकार नमुना-पाहणीचा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ रोजी आणि नंतर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. दुसऱ्या वेळी देशभरातील सुमारे ३४ लाख मुलांनी चाचणी दिली. 'परख' संस्थेने घेतलेले पुढचे सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववी या इयत्तांसाठी झाले. यात निवडक शाळांतील निवडक मुलांची चाचणी होते. जिल्ह्याचे व राज्याचे चित्र काढणे हा तिचा हेतू असतो.

दुसरा प्रकार सर्व मुलांच्या चाचणीचा. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर पायाभूत व संकलित चाचण्या आल्या. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या 'स्टार्स' प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. या चाचण्या वर्गशिक्षकच घेतो आणि तोच तपासतो. मुलाचे कोठे अडते, हे शिक्षकास कळावे हा त्यांचा मूळ उद्देश.

तिसरा प्रकार शाळेबाहेरील पाहणीचा. 'प्रथम' संस्थेच्या वतीने २००५ पासून निघणारा 'असर' अहवाल घरोघरी जाऊन, मुलास जवळ बसवून, अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट या चढत्या क्रमाने वाचावयास लावून तयार होतो. मूल शाळेत आहे की नाही, यावर त्याची चाचणी अवलंबून नसते, हा त्याचा विशेष.

धाराशिव जिल्ह्यास या आकड्यांचे विशेष महत्त्व आहे. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व तेव्हाचा उस्मानाबाद हे चार जिल्हे निवडले गेले. या कार्यक्रमात जिल्ह्यांची परस्परांशी स्पर्धा लावून क्रमवारी जाहीर केली जाते. तिच्यात शिक्षणास शंभरांपैकी ३० इतका भार असून मुलांची भाषा व गणित यांतील संपादणूक हा त्याचा एक घटक आहे. जिल्ह्याच्या क्रमांकाची विचारणा तालुक्याकडे येते, तालुक्याची केंद्राकडे आणि केंद्राची शाळेकडे. जिल्ह्याचे चित्र काढण्यासाठी बनविलेले साधन या उतरणीवर नकळत शाळेचे माप होऊन बसते. या मापाचा उपयोग वाशीसारख्या तालुक्यात करताना तीन ठिकाणी घोटाळा होतो.

४. चाचणीचा महिना आणि ऊसतोडीचा हंगाम

पहिला घोटाळा कॅलेंडरचा आहे. बालाघाटाच्या डोंगराळ, अवर्षणप्रवण पट्ट्यातील वाशी, भूम, कळंब या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत संसार तेथेच राहतो. सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर जातात. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली मुलगी हटकून जाते.

आता वर दिलेल्या तीन सर्वेक्षणांच्या तारखा पुन्हा पाहाव्यात. १३ नोव्हेंबर, १२ नोव्हेंबर, ४ डिसेंबर. तिन्ही तारखा गाळप हंगामातील आहेत. ज्या मुलांच्या शिक्षणाची सर्वांत अधिक काळजी करावयाची, ती मुले त्या दिवशी वर्गात असण्याची शक्यता सर्वांत कमी. चाचणी वर्गात उपस्थित असलेल्यांचीच होते. गैरहजर मुलास शून्य गुण मिळत नाहीत, तो हिशेबातच येत नाही.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. तिसरीच्या वर्गात २० मुले आहेत असे समजू. गावात राहणारी १२ मुले सरासरी ७० गुण मिळवितात. ऊसतोडीच्या कुटुंबांतील ८ मुले, वर्षातील निम्मे दिवस शाळा बुडाल्यामुळे, ३५ गुणांच्या योग्यतेची आहेत. ती आईबापांबरोबर गेली तर चाचणीच्या दिवशी वर्गाची सरासरी ७० येते. आता शिक्षकांनी गावात फिरून, पालकांची समजूत घालून, हंगामी वसतिगृह चालवून ही आठ मुले गावातच ठेवली; आजीकडे निजण्याची सोय केली, दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था लावली, सायंकाळी अभ्यास घेतला आणि त्यांना ३५ वरून ४५ वर आणले. वर्गाची सरासरी आता ६० येते. म्हणजे ज्या शाळेने काम केले तिचा आकडा दहा गुणांनी खाली आला, आणि जिने मुले जाऊ दिली तिचा आकडा चढा राहिला.

हा दोष गणिताचा नव्हे, प्रश्नाचा आहे. 'आज वर्गात बसलेली मुले किती जाणतात?' या प्रश्नाचे ७० हे उत्तर बरोबर आहे. 'या गावातील मुलांच्या बाबतीत शाळेने आपले कर्तव्य किती पार पाडले?' या प्रश्नाचे मात्र ते उत्तर नाही. दुसरा प्रश्न मनात धरून पहिल्याचे उत्तर वापरले, तर हंगामी वसतिगृह नेटाने चालविणाऱ्या शिक्षकास आपण त्याच्या चांगल्या कामाबद्दल दंड करतो. असा दंड दोन-तीन वर्षे झाला की तो शिक्षक पालकांच्या दारी जाण्याचे थांबवील, आणि त्याबद्दल त्यास दोष देण्याचा नैतिक अधिकार आपणास उरणार नाही.

५. चाचणीची भाषा

दुसरा घोटाळा भाषेचा. चाचणी 'मराठीत' असते, असे आपण म्हणतो. परंतु तिची मराठी ही लिखित प्रमाण मराठी असते आणि वाशीचे मूल शाळेत येते ते आपली बोली घेऊन. 'तो लिहीत आहे' या अर्थी ते 'त्यो लिहायलाय' असे म्हणते. 'पाणी' ऐवजी 'पानी' उच्चारते. 'आहे' ऐवजी 'हाय' वापरते. यात अशुद्ध असे काही नाही. चालू काळाचे 'लिहायलाय' हे रूप मराठवाड्याच्या मोठ्या टापूत नियमाने चालते. त्याला स्वतःचे व्याकरण आहे. जिल्ह्यातील तांड्यांवरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी असून तिचे नाते राजस्थानी गटाशी आहे. मुसलमान घरांतून दखनी बोलली जाते. 'मराठी माध्यम' या एका नावाखाली असे अनेक आरंभबिंदू आहेत.

चाचणीशास्त्रात यथार्थतेचा निकष असा की, जे मोजावयाचे तेच चाचणीने मोजले पाहिजे. तिसरीच्या मुलास 'योग्य वाक्य ओळखा' असा प्रश्न दिला आणि त्याने घरी रोज ऐकलेले वाक्य निवडले, तर त्याची कोणती उणीव सिद्ध झाली? त्यास प्रमाण भाषेचे एक रूप अद्याप परिचित नाही, एवढेच. त्याला वाक्यरचना कळत नाही किंवा वाचता येत नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात तर हा दोष लपून राहतो. बेरीज येणारे मूल उदाहरणातील अपरिचित शब्दापाशी अडखळते आणि आपण त्याच्या नावापुढे 'गणितात कच्चा' असे लिहितो. समान योग्यतेच्या दोन गटांपैकी एका गटास एखादा प्रश्न केवळ भाषेमुळे अवघड जात असेल, तर तो प्रश्न विभेदी आहे असे शास्त्र सांगते आणि असे प्रश्न शोधून काढण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीही उपलब्ध आहेत.

या बाबतीत भाषाशास्त्रज्ञांनी पूर्वीच वाट घालून दिली आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीस स्वतःचे नियम आहेत, हे विल्यम लबॉव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्या विचाराचा आधार घेऊन १९७९ साली ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायालयाने, मुलांना वाचन शिकविताना शाळेने त्यांच्या घरच्या बोलीची दखल घेतली पाहिजे, असा निर्णय दिला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. केवळ शब्दांचे भाषांतर करून भागणार नाही, मानके याच मुलांवरून ठरविली पाहिजेत, हे तत्त्व त्या कामामागे होते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका हाती घेतली आणि अलीकडे डेक्कन कॉलेजने जिल्हावार बोलींची सामग्री संकलित केली आहे. ही सामग्री चाचणी रचणाऱ्यांच्या टेबलावर असावयास हवी.

दिलासा देणारे एक उदाहरणही नोंदविले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये झालेल्या पायाभूत अध्ययन पाहणीत तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची २० भाषांतून, एकेकास समोर बसवून, तोंडी चाचणी घेण्यात आली आणि वाचनाच्या ओघाची पातळी प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र ठरविण्यात आली. लिपी वेगळी, शब्दांची लांबी वेगळी, तर मिनिटाला किती शब्द हे मापही वेगळे असले पाहिजे, हे त्यात मान्य झाले. भाषाभाषांतील जे अंतर येथे मान्य झाले, तेच एका भाषेतील बोलीबोलींच्या बाबतीत मान्य करणे ही यापुढची पायरी होय.

६. लहान शाळा आणि टक्केवारी

तिसरा घोटाळा संख्येचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. वाडी-वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत एका इयत्तेत आठ-दहा मुले असतात. दहांपैकी एक मूल त्या दिवशी तापाने घरी राहिले किंवा बाहेरगावचे एक हुशार मूल नव्याने आले, तरी निकाल दहा टक्क्यांपर्यंत हलू शकतो. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, ६० टक्के मुलांना वाचता येते असे दिसले असता, दहा मुलांच्या गटात प्रमाण-त्रुटी सुमारे १५ टक्के असते. शंभर मुलांच्या गटात ती पाचाच्या आत येते. यामुळे शाळांची क्रमवारी लावली की लहान शाळाच वर आणि लहान शाळाच तळाला आढळतात, आणि पुढील वर्षी त्यांच्या जागा बदलतात. अमेरिकेतील केन व स्टायगर यांनी २००२ मध्ये हीच गोष्ट तेथील शाळांबाबत दाखविली होती. वरच्या शाळेचा सत्कार आणि खालच्या शाळेस नोटीस, हे दोन्ही बव्हंशी योगायोगाचे फळ असते.

७. निष्कर्ष

मग चाचण्या बंद कराव्यात काय? आमचे मत तसे नाही. चाचणी नसती तर शाळेत जाऊनही न वाचू शकणारी मुले आपणास दिसलीच नसती. गरिबाच्या मुलाची उपेक्षा झाकून ठेवण्यास मोजमापाचा अभाव फार सोयीचा असतो. मागणी एवढीच की, ज्या प्रश्नासाठी साधन बनविले त्याच प्रश्नासाठी ते वापरावे, आणि शाळेचा जाब विचारावयाचा असेल तर त्यास योग्य असा हिशेब ठेवावा.

त्या हिशेबात निदान चार गोष्टी असाव्यात. पहिली, आकड्याशेजारी पटावरील किती मुले चाचणीस गैरहजर होती हे छापले जावे. स्थलांतरित मुलांची नोंद वेगळी असावी आणि त्यांना टिकवून धरणे हे शाळेच्या जमेस धरावे. दुसरी, वर्षाच्या आरंभी मूल कोठे होते आणि शेवटी कोठे आले, या प्रगतीस पातळीपेक्षा अधिक वजन द्यावे. तिसरी, प्रश्नांची भाषा त्या त्या भागातील मुलांवर आधी तपासून घ्यावी. या कामी विद्यापीठांच्या मराठी व भाषाशास्त्र विभागांना प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. चौथी, एका वर्षाच्या आकड्यावरून लहान शाळेविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

यापलीकडे एक गोष्ट उरते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सरकारलाच जाब विचारला होता : महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे कसे? त्यांनी प्रश्नाची दिशा उलटी केली. आज चाचणीचा प्रश्न मुलापासून सुरू होतो आणि शिक्षकापाशी येऊन थांबतो. शिक्षकांची पदे भरली गेली काय, अध्यापनबाह्य कामांतून त्यांना किती दिवस मोकळीक मिळाली, हंगामी वसतिगृहाचा निधी हंगाम सुरू होण्यापूर्वी पोचला काय, हे प्रश्नही त्याच पत्रकावर, त्याच जाड अक्षरांत छापले गेले पाहिजेत. तसे झाले तरच 'उत्तरदायित्व' हा शब्द सार्थ होईल. तोपर्यंत डिसेंबरातील त्या वर्गात जी मुले बसलेली असतील, त्यांच्यापेक्षा जी बसलेली नसतील त्यांची गणती प्रथम करावी, एवढे आपल्या अभ्यासकांस निश्चित सुचविता येईल.